राघो वायरमनचा हीटर

राघो वायरमनला एका जागी स्वस्थ बसलेला सुरतेच्या नवागामात कोणी पाहिला असेल, तर त्याने पुढे यावं. जेवताना त्याचा एक पाय हलत असे, आणि पंगतीत असला तर शेजारच्याची वाटी हिंदकळत असे. चहा तो उभ्यानेच प्यायचा. झोपेतसुद्धा वायर सोलावी तशी त्याची बोटं चालतात, असं त्याची बायको सुंदरा शेजारणींना सांगायची. "तुमना पायले भिंगरी बांधेल शे का?" हा तिचा दिवसातून दोनदा ठरलेला प्रश्न. उत्तराची तिला अपेक्षा नसे, आणि ते द्यायला राघो थांबतही नसे.

माणूस मूळचा अमळनेरकडचा. विसाव्या वर्षी सुरतेत आला आणि उधन्याच्या एका लूमच्या खात्यात वायरमन म्हणून चिकटला. बारा वर्षं त्याने मागांच्या मोटरी सांभाळल्या. मग कानातला खडखडाट घरीसुद्धा थांबेना, तेव्हा रेल्वे फाटकाजवळ पत्र्याची टपरी टाकून तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करायला लागला. हॉर्न, लाइट, सेल्फ, डायनामो, जे म्हणाल ते. नवागाम-दिंडोलीतल्या टेंपो आणि जीपवाल्यांमध्ये त्याचं नाव होतं, ते एका हट्टामुळे. बिघाडाचं मूळ सापडल्याशिवाय तो गाडी सोडत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालू झाली ना, द्या आता." हा म्हणायचा, "चालू झाली, पण बंद का पडली होती?" आणि पुन्हा डॅशबोर्डखाली डोकं घालायचा. मूळ हाती लागलं की आतूनच आरोळी यायची, "सापडनं!" ती आरोळी फाटकापलीकडे ऐकू जायची. त्याची मुलगी रंजना लहानपणी शाळेतून परस्पर टपरीवर यायची आणि टायरवर बसून गृहपाठ करायची. "सापडनं" ऐकू आलं की ती वही मिटायची, कारण त्यानंतरच बाप घरी निघणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जे आपेआप बरं व्हस, ते आपेआप मरस." जी गाडी कारण न कळता सुरू होते, ती कारण न सांगताच रस्त्यात बंद पडते. हे त्याने शंभर जणांना ऐकवलं असेल. ज्या दिवशी ते स्वतःला ऐकवायचं होतं, त्या दिवशी मात्र तो गप्प बसला.

तो दिवस सत्याण्णव सालच्या जानेवारीतला, मंगळवार. रंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, सव्वा महिना उलटला, आणि तिची सासू मंगलाबाई साक्रीजवळच्या गावाहून नातवाला न्यायला येऊन चार दिवस मुक्कामाला होती. बाई बोलायला फटकळ. सुरतेचं पाणी जड, सुरतेचे डास मोठे, सुरतेत सकाळी कोंबडा आरवत नाही, अशी एकेक तक्रार ती सुपारीबरोबर कातरत बसायची. सुंदरा सगळं ऐकून घ्यायची. मुलीची आई होती, दुसरं काय करणार?

तिथीचा घोळही मंगलाबाईनेच घातला. "बुधवारे लेकले काढतस नहीत," ती बोटं मोजत म्हणाली, "गुरवारे अमोश्या. नि मंग पौष लागस. पौषमा मी पोरले घरमा लेवाव नही. मंगळवारेच निंघानं." म्हणजे मंगळवारीच निघायचं, आणि तेही दुपारच्या आत. "नि ती यष्टी नको. कोंडाईबारीना घाटमा गारठा ऱ्हास. पोर अजून मूठभर शे."

इथे राघोची जीभ सुटली. खरं तर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पण चार दिवस सुरतेची निंदा ऐकून त्याचे कान किटले होते. तो म्हणाला, "यष्टी कसाले? आमना कुंदननी जीपमा हीटर शे, हीटर! गाडी दिल्लीनी शे."

कुंदन हा गल्लीतलाच. नवागामहून खान्देशात भाड्याने जीप फिरवायचा. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी त्याने दिल्लीकडची जुनी जीप आणली, आणि थंड मुलखातली असल्यामुळे तिच्यात हीटर निघाला. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डखालच्या एका छोट्या जाळीतून फिरतं आणि मागची छोटी मोटर त्या जाळीतून वारा ढकलते, एवढाच त्याचा कारभार. पण सुरतेत हीटर म्हणजे टकल्याला कंगवा. गल्लीत महिनाभर थट्टा चालली होती, आणि पुढे हीटर आहे हेसुद्धा लोक विसरले.

मंगलाबाईने अडकित्ता थांबवला. "हीटर? गाडीमा?" ती पहिल्यांदाच नमली होती. राघोची छाती वीतभर फुगली, आणि हीटर एकदा लावून बघावा एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊला कुंदन जीप घेऊन टपरीवर आला. चेहरा पडलेला. "राघोदादा, हीटर मरी गया वाटस. बटन फिरावतस, पन मोटर बोलत नही."

राघोने घराच्या दिशेने पाहिलं. घरी गाठोडी बांधून तयार होती. सुंदराने तीळगुळाच्या वड्या थापल्या होत्या, मंगलाबाई नवी साडी नेसून ओट्यावर बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला "हीटरनी गाडी" सांगत होती. बाराच्या आत निघायचं होतं. हीटर चालला नाही तर ती बाई साक्रीपर्यंत आणि पुढे जन्मभर रंजनाला ऐकवणार, हे काय त्याला कळत नव्हतं?

तो जीपमध्ये शिरला आणि पाठीवर पडून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आधी फ्यूजचा डबा पाहिला. फ्यूज शाबूत. बटणातून करंट येतोय का ते टेस्ट लॅम्पने पाहिलं, येत होता. मग मोटरीच्या तोंडाशी असलेल्या प्लगमध्ये लॅम्प लावला. लॅम्प लख्ख पेटला. राघोने भुवया वर केल्या. करंट मोटरीच्या दारापर्यंत येतो आहे आणि मोटर ढिम्म. अर्थिंग कच्चं असेल म्हणून त्याने बॉडीला नवी वायर आवळली. काही नाही. म्हणजे मोटरच गेली.

शेजारचा टपरीवाला सुकदेव, पंक्चर काढायचा, तो डोकावून म्हणाला, "राघो, पतंगना दिवस शेतस. मोटर नको, गाडीले पतंग बांध. आपेआप वारा यी."

"तू तुन्हं टायर बघ," राघो आतूनच ओरडला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना उत्तरायणाचा मांजा सुतवणाऱ्यांनी दोरे ताणले होते, गुलाबी रंगाचे थेंब रस्त्यावर पडत होते आणि ज्याला त्याला सण आठवत होता. राघोला फक्त घड्याळ दिसत होतं.

त्याने मोटर खोलून बाहेर काढली आणि सरळ बॅटरीवर लावली. मोटर घुर्र करून फिरली!

आता मात्र त्याचे हातच थांबले. मोटर चांगली, प्लगपाशी करंट हजर, अर्थिंग नवं, तरी दोघांची गाठ पडत नाही? त्याने मोटरीतली धूळ फुंकली, कार्बन घासून चकचकीत केले, दोन थेंब तेल सोडलं आणि मोटर परत बसवली. बसवताना वायरींचा गठ्ठा अडत होता, तो त्याने मनगटाने जोरात मागे रेटला. बटण फिरवलं. पंखा सुरू झाला. कुंदनने इंजिन चालू केलं, आणि पाच मिनिटांत डॅशबोर्डखालून कढत वारा यायला लागला.

"वा, दादा!" कुंदन म्हणाला.

राघो अजून वायरींकडेच बघत होता. मोटर मेली नव्हती, मग तिला बरी कशाने केली? टेस्ट लॅम्पचा बल्ब एवढासा. त्याला घोटभर करंट पुरतो. चिमणीला पुरतं तेवढं पाणी म्हशीला कसं पुरेल? मोटर ओढते म्हशीसारखी. म्हणजे वाटेत कुठेतरी करंटचा गळा आवळला जात असणार, आणि गठ्ठा रेटल्यावर तो तेवढ्यापुरता मोकळा झाला असणार. तो गळा शोधायचा तर लॅम्प बाजूला ठेवून हेडलाइटचा मोठा बल्ब लावायचा, त्याला भरपूर करंट ओढायला लावायचं आणि वायर वीत-वीत तपासत यायचं. वेळ, दीड तास. तेवढ्यात ओट्यावरून निरोप आला, विहीणबाई खोळंबल्यात, साडेअकरा झाले.

त्याने पुन्हा एकदा बटण फिरवलं. पंखा चालला. बंद करून परत लावला. पुन्हा चालला. दहा मिनिटं तो तसाच वाकून ऐकत राहिला. आवाजात खोट नव्हती, खोट त्याच्या मनात होती. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने मूळ न शोधता बॉनेट लावलं.

जीप घरापुढे आली. राघोने स्वतःच्या हाताने पुढच्या सीटवर गोधडी अंथरली. "रंजा, तू पुढे बस पोरले लिसन. ऊन वारा तठेच येस." मंगलाबाई मागच्या सीटवर ऐसपैस बसली. सुंदरा पदराने डोळे टिपत होती. रंजनाने बाळाला छातीशी धरून बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "आबा, काय व्हतं वो?"

"मोटरले कचरा व्हता," राघो म्हणाला. "व्हयनं आते. झकास व्हयनं."

रंजना क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारेल असं त्याला वाटलं, पण मंगलाबाई मागून "चला, चला" करत होती. जीप वळली, फाटक ओलांडून गेली.

त्यानंतरच्या दुपारी राघोने काय काय केलं, ते त्याला नीट सांगता येणार नाही. जेवायला बसला आणि अर्ध्या भाकरीवर उठला. टपरीवर एक टेंपो उभा होता, त्याचा हॉर्न उघडला आणि तसाच ठेवला. सुकदेवकडे तंबाखू मागितली, हातावर मळली आणि फेकून दिली. पंखा का चालला? का बंद होता? गाडी आता बारडोलीला असेल. आता व्याऱ्याला. मूठभर पोर त्याच वाऱ्यापुढे निजलं असेल. फार तर काय होईल, त्याने मनाची समजूत घातली, पंखा बंद पडेल, विहीण चार शब्द बोलेल. गोधड्या आहेत, शाल आहे. गारठ्याने कोणी मरत नाही. तरी पाय थांबेनात. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. एरवी लोकांना हसायला विषय झाला असता, पण त्याचं तोंड बघून त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तीनच्या सुमाराला तो पुन्हा घरी गेला. सुंदरा मुलगी गेल्याचं दुःख कामात बुडवत बसली होती. गल्लीतल्या निम्म्या बायकांसारखी ती घरी जरीचं काम करायची. शेठच्या माणसाने दिलेली जरी फिरक्यांवर भरून द्यायची. जरी म्हणजे सुती दोऱ्यावर केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी, वर चांदीचं पाणी. उरलेले तुकडे ती महिन्याकाठी लोखंडी कढईत जाळायची. दोरा जळून जायचा, धातू मागे राहायचा. त्या दिवशी घरात एक उग्र, तुरट वास भरायचा, आणि लहानपणी रंजना नाक धरून बाहेर पळायची.

आत्ता सुंदराच्या हातातली जरी तुटली. तिने दोन टोकं जवळ आणली आणि अंगठा व बोट यांच्यात धरून पीळ दिला. एकदा, दोनदा. राघो दारात उभा राहून ते बघत होता, आणि त्याच्या स्वतःच्या अंगठ्यात तोच पीळ आठवला.

त्र्याण्णव साल. कुंदनची जीप नुकतीच दिल्लीहून आलेली. तिला टेप बसवायचा होता, वणीच्या देवीच्या तसबिरीभोवती रंगीत बल्बांची माळ लावायची होती, आणि हीटर तर काय, कोणाला लागतो? राघोनेच हीटरची वायर तोडून तिच्यावर टेप आणि माळ चढवली होती, आणि वाटेत काचेचा एक वेगळा फ्यूज टाकला होता. वऱ्हाड निघायच्या ऐन वेळी तो फ्यूज उडाला. दुसरा जवळ नव्हता. सुंदरा डबा घेऊन आली होती, तिच्या पिशवीत जरी भरलेली फिरकी होती. राघोने हातभर जरी ओढून घेतली, सात पदर केले, पीळ दिला आणि जळक्या फ्यूजवर गुंडाळून वर काळी टेप मारली. लूमच्या खात्यात असताना हे सगळेच करायचे. सुरतेत फ्यूजची तार सापडणार नाही एक वेळ, जरी प्रत्येक घरात सापडते. "सध्या चालू दे, उद्या बदली टाकू," तो म्हणाला होता. ते 'उद्या' साडेतीन वर्षं झाली तरी उजाडलं नव्हतं. पुढे कुंदनने टेप काढला, माळ काढली, दुसऱ्या कुणाकडून हीटरची वायर जागेवर जोडून घेतली, आणि तो काळा गठ्ठा त्याच वायरीत तसाच राहिला. आज सकाळी मनगटाने रेटला, तो तोच.

सात पदरांची जरी फ्यूजसारखी वितळून करंट तोडायची नाही. तापत राहील. तिच्या पोटातला सुती दोरा धुमसेल. वर टेप, शेजारी जुन्या कडक वायरी, आणि बरोबर त्याच्याखाली, त्याने स्वतः अंथरलेल्या गोधडीवर, त्याची मुलगी आणि तिचं पोर. हीटर बंद पडणं हे वाईट नव्हतंच. न पडणं वाईट होतं.

"काय व्हयनं?" सुंदरा घाबरून उठली. तो वहाणाही न घालता पळाला.

फाटकाजवळ एसटीडीचं दुकान होतं. खान्देशात जाणाऱ्या सगळ्या जीपा नवापूरच्या नाक्यावर चहाला थांबत, आणि त्या हॉटेलाला लागूनच्या पीसीओचा नंबर कुंदनने टपरीच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवला होता. राघोला तो पाठ होता. लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. दुकानदार गुजराती, समजूतदार माणूस. म्हणाला, "काका, बेसो ने, हुं लगावी आपुं." राघो बसला आणि लगेच उठला. आठव्या वेळी लागला.

"नवापूर? कुंदनची जीप आली का? निळी जीप, समोर देवीची तसबीर?"

पलीकडचा माणूस हॉटेलात ओरडून आला. "नाय आली अजून."

राघोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. बाराला निघालेली गाडी साडेतीनला तरी यायला हवी होती. "ती आली की थांबवा," तो ओरडला, "आणि सांगा, हीटर बंद करा. गाडी बंद करा. बाईला न् पोराला आधी खाली उतरवा!" पलीकडच्याला त्यातलं किती कळलं, कोण जाणे. राघोने सांगितलेला दुकानाचा नंबर उतरवून घेऊन, "बरं, बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

मग राघो त्या दुकानात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत राहिला. तीन पावलांचं दुकान. पुढे कुणा दुसऱ्या बापाने विचारलं असतं, तर तो काय सांगणार होता? घाई होती? विहीण खोळंबली होती? शंभर गाड्या त्याने अडवून धरल्या, परक्यांना तासन्‌तास बसवून ठेवलं, आणि स्वतःच्या लेकीची गाडी तेवढी सोडून दिली. तेही बढाईची लाज राखायला. त्याने कपाळ भिंतीला टेकवलं. बाहेर पतंग कापला की पोरं "काय पो छे" ओरडत होती, त्या प्रत्येक आरोळीला तो दचकत होता.

पाचला पाच कमी असताना फोन वाजला. दुकानदाराने उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर पुढे केला. "काका, तमारी दीकरी."

"आबा?" रंजनाचा आवाज मोठा, खणखणीत, मुद्दाम कोणालातरी ऐकू जावा असा. "हा, पोचनूत आम्ही नवापूरले. सगळं बेस शे. पोर निजेल शे. आत्याबाई भजा खाई राहिन्यात."

"रंजा, तो हीटर," राघो घाईघाईने म्हणाला.

"थांबा." ती कोणाला तरी काही म्हणाली, मग थोडा वेळ नुसता हॉटेलातला गलका आला. ती बोलली तेव्हा आवाज अगदी खाली होता. "आबा, मी काढी टाकं ते."

"काय काढं?"

"जरी. सोनगढ सोडं नि वास उना. माय कढईमा जरी जाळस ना, तोच वास. कुंदनदादाले गाडी थांबाडाले लावं. टेप सोडी ते धूर निंघना. सात पदर व्हतात, मी मोजात."

"पोरले काही…"

"काही नही. सांगं ना, निजेल शे."

"तुन्ही सासू?"

"त्या पेरू लेवाले उतरन्या व्हत्यात. त्यास्ले मी सांगं, मीच बटन जोरमा फिरावं, मनाच हाते तुटनं. मंग माले बोलन्यात थोडं." ती हसली, अगदी हळू. "बोलू द्या. कुंदनदादाबी काही सांगाव नही."

राघोला वाटलं, त्या बाईसमोर आत्ता जाऊन उभं राहावं आणि सांगावं की माझ्या हाताने झालं, पोरीला बोलू नका. पण ती नवापूरला होती आणि तो नवागामच्या एका तीन पावलांच्या दुकानात. "तू वासवर ध्यान ठेवाले लागेल व्हतीस का?" त्याने विचारलं. "तुले कसं समजनं?"

रंजना म्हणाली, "निंघताना तुम्हीन 'सापडनं' म्हनं नही ना, आबा. तुम्हीन 'व्हयनं' म्हनं. तव्हयपास्नं मी हात खालेच धरी बठेल व्हतू."

नवागामपासून सोनगढपर्यंत एका हाताने बाळाला धरून, दुसरा हात वायरींच्या गठ्ठ्याखाली धरून बसलेली मुलगी त्याला स्पष्ट दिसली. त्याने दाबून ठेवलेली शंका तीन तास तिने सांभाळली होती, आणि वर बोलणीही खाल्ली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तो ते पुसायलाही विसरला.

"आबा? ठेवस मी. आत्याबाई येऱ्हायन्यात." आणि पुन्हा मोठ्या, खणखणीत आवाजात, "हा आबा, बेस चालना व्हता हीटर! मनाच हाते तुटना!"

फोन बंद झाला. राघो रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. दुकानदाराने तो हलकेच काढून घेतला, जागेवर ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं. "बधुं थई गयुं ने, काका?"

राघो त्या स्टुलावर बसला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, हात मांडीवर ठेवून, कितीतरी वेळ न हलता बसून राहिला. सुंदरा त्याच्या वहाणा हातात घेऊन शोधत शोधत दारात आली तेव्हा तो तसाच होता. त्याला तसा बसलेला पाहून तिचा जीवच उडाला.

"बठी का राह्यनात? बोला ना! काय व्हयनं पोरले?"

"पोर बेस शे," राघो म्हणाला. मग खाली बघत, तिलासुद्धा जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाला, "सापडनं."